ताप नव्हता

अमृतप्पा म्हणाला, "ताप होता. दोन दिवसांत आटोपलं." तो माझ्याशी बोलत नव्हता. नुकत्याच येऊन ओट्यावर टेकलेल्या माणसाला सांगत होता, म्हणजे मला सांगावं लागू नये. दुखवट्याच्या घरी हे काम कुणीतरी जवळचा माणूस अंगावर घेतो. तो आमचा अडत्या, त्याच्याच दुकानी माझा तराजू. शिवाय तो लिंगायत. "आमच्यात सुतक न्हाई बाबा," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून त्यानं आमच्या माठातलं पाणी मागून घेतलं होतं आणि पेला हातात धरून बसला होता. मी भिंतीला पाठ लावून घोंगडीवर बसलो होतो. माझं लक्ष नव्हतं. बायकोनं, राजूबाईनं, सारवलेल्या जमिनीवर तिची बोटं उमटली होती, तिकडं मी बघत होतो. आणि माझं तोंड बोललं, "ताप नव्हता. गाठ होती."

नव्यानं आलेल्या माणसानं पाय जवळ घेतले. अमृतप्पानं पेला खाली ठेवला. त्यातलं पाणी अर्धं राहिलं होतं. "राघोबा, तुला झोप न्हाई," तो म्हणाला. "पड जरा." मी म्हणालो, "झोपतोय की. गाठ होती तिला." मग एकेक जण उठला. दुखवट्याच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत, नुसतं उठून जातात. त्या दिवशी ते बरं पडलं.

मी तोलार आहे. गुलबर्ग्याच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तूर, करडई, जवस तोलतो. पोतं ताजव्यात चढलं की काटा बघायचा आणि मोठ्यानं पुकारायचं. शेतकरी ऐकतो, घेणारा ऐकतो, अडत्या ऐकतो. पुकारलं की झालं, मग कुणी वजनाबद्दल बोलत नाही. पहिल्या तोलाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझ्या बापानं असंच पुकारलं, मीही पुकारलं. सगळ्यांना ठाऊक असतं की लाभ म्हणजे एक. त्यात खोटं काही नाही. कुणाचं पोतं त्यानं हलकं होत नाही. थंडी पडली, उंदीर मरायला लागले, आणि गंजाच्या मागच्या आळीत पहिलं माणूस गेलं, तेव्हा गंजानं ताप म्हटलं. मला ते तसंच वाटलं. एक म्हणायचं नाही म्हणून लाभ म्हणायचं, प्लेग म्हणायचं नाही म्हणून ताप म्हणायचं, आपल्याला कळल्याशी कारण. पण मागच्या आळीतल्या लोकांना ते कळलं नाही. त्यांच्या पोरी त्याच घरात निजत राहिल्या.

नवी तूर यायची होती. प्लेग जाहीर झाला असता तर गंज बंद पडला असता, माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली असती, चिंताकीकडच्या, मन्नाएखेळ्ळीकडच्या गाड्या आल्या नसत्या. त्यात हैदराबादेहून मोठे साहेब दौऱ्यावर यायचे होते. स्टेशनापासून कमानी उभ्या राहत होत्या, भिंतींना चुना लागत होता. मेलेले उंदीर उजाडायच्या आत उचलले जात होते. आणि दवंडी फिरली. आधी उर्दूत, मग कानडीत, मग आपल्या बोलीत. गावात कसलाही रोग नाही, रोगाची आवई उठवील त्याला धरण्यात येईल. दवंडी झाली तेव्हा राजूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "रोग न्हाई म्हणून कामून दवंडी देयलेत? रोग न्हाई तर गप बसावं की." तेव्हा तिचं अंग चांगलं होतं. ती हसली होती.

मग तिचं अंग तापलं. डोळे लाल झाले. डोकं फुटतंय म्हणाली. मी कपाळावर पट्टी ठेवत होतो तर तिनं माझा हात धरला आणि लुगड्याच्या आत, जांघेवर नेऊन ठेवला. दिवसाउजेडी तिनं असं कधी केलं नव्हतं. "बघा, हाय का न्हाई?" ती म्हणाली. होती. सुपारीएवढी, कडक. "व्हय," मी म्हणालो. माझा हात तिथंच राहिला. ती म्हणाली, "कुणाला सांगू नका." मी म्हणालो, डाक्टरला तरी सांगू. तर ती म्हणाली, "डाक्टर बघतो म्हंजे लुगडं वर करतो. मागल्या साथीत माझ्या आईला चावडीपुढं रांगेत उभं केलते. मी तिच्या पदराला धरून हुते. आई घरी आल्यावर कुणासंगं बोलली न्हाई. मरंस्तवर तिला त्याच दिवसाची आठवण हुती. माझं अंग कुणाला दाखवायचं न्हाई आन कुणाला सांगायचंबी न्हाई. घ्या माझी आण." मी आण घेतली. दुसऱ्या दिवशी ती गाठ लिंबाएवढी झाली. राजूबाई पाय पोटाशी घेऊन पडून होती, कारण सरळ केला की दुखायचं. ती गेली तेव्हाही पाय तसाच होता. बायकांना तो सरळ करावा लागला. त्या बायकांनी बघितलंच असेल. कुणी बोललं नाही.

म्हणून मी बोललो तेव्हा मला स्वतःलाच कळलं नाही की कुणाचं तोंड बोललं. रात्री पडल्यावर मी मनाशी म्हणत असे, उद्या गप बसायचं. तिला शब्द दिलाय. सकाळी कुणीतरी नवा येई, अमृतप्पा त्याला ताप म्हणे, आणि माझ्या हाताच्या तळव्याला ते कडक लागे. ते लागलं की मी बोलत असे. "गाठ होती." एवढंच. कुठं ते सांगत नव्हतो. तेवढं तरी तिचं राखलं, असं वाटायचं.

गावात कुठं चार माणसं जमवून बोलायचं तर सरकारची इजाजत लागते. वाचनालयातल्या लोकांनी मागं एक सभा ठरवली होती, तर अर्ज करता करता उन्हाळा गेला. पण दुखवट्याला बसायला इजाजत लागत नाही. हे माझ्या डोक्यात नव्हतं. ते लोकांच्या डोक्यात आलं. आमच्या आळीतले जेवढे यायचे कमी झाले तेवढे बाहेरचे यायला लागले. ज्यांनी राजूबाईला कधी बघितलं नव्हतं ते येऊन ओट्यावर बसायचे, डोळ्यांना उपरणं लावायचे, गप राहायचे. मग उठायच्या आधी माझ्याजवळ सरकायचे. "अण्णा, कसं चालू झालं म्हनायचं?" "उंदीर पडले हुते का घरात?" त्यांच्या घरी कुणीतरी तापलेलं असायचं. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच. "कुठं आली हुती?" मी जमिनीकडं बघायचो. "काखेत?" ते विचारायचे. मी बोलायचो नाही. ते उठून जायचे. शेजारची अक्कम्मा रोज भाकरी आणून ठेवायची. तीही थोडा वेळ थांबायची, माझ्याकडं बघायची, विचारायची नाही.

अमृतप्पा वैतागला होता. "तू दुखवट्याला बसलायस का पुराण सांगाय बसलायस?" तो म्हणाला. मी म्हणालो, "मी कुठं सांगायलोय. ते विचारायलेत." "मग ताप म्हण. बायको गेली, आता तोलाचा बिल्लाबी जाऊ दे म्हणतोस का? कमिटीत बोलणं झालंय." कमिटीचा पितळी बिल्ला दंडाला असल्याशिवाय गंजात तराजूला हात लावता येत नाही. मी म्हणालो, "अप्पा, तुम्हीबी घरची माणसं शेतावर न्या." तो म्हणाला, "कवाच नेली," आणि मग आपण काय बोललो ते कळून उठून गेला.

मग अमीन आला, चौकीचा फौजदार. बूट न काढताच ओट्याच्या कडेला बसला. वाईट माणूस नव्हता तो, त्याची आई गेली तेव्हा त्याचं जेवणाच्या धान्याचं पोतं मी दसऱ्याच्या गर्दीतून आधी तोलून दिलं होतं, ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. "क्या जी राघोबा, कित्ते लोगां जमा किये," तो म्हणाला. "जलसे की इजाजत लिये क्या?" मी म्हणालो, "साहेब, घरात मयत झालंय." "मालूम है. इत्ते रिश्तेदार कहाँ से आये तेरे?" मागून एक म्हातारा बोलला, "साहेब, रडायची इजाजत कुठं मिळती? चौकीत का कचेरीत? सांगा, अर्ज करतो." माणसं हसली. दुखवट्याच्या घरात हसणं बरं दिसत नाही, पण अमीनही हसला. मग त्यानं हसणं पुसलं. "तेरहवीं तक बैठो," तो म्हणाला. "वो तुम्हारा धरम है, मैं हात नहीं लगाता. तेरहवीं को मैं आतूं. सबके सामने बोल दे, बुखार था. बिल्ला तेरा सलामत. दूसरे दिन से यां एक आदमी भी बैठा दिखा तो जमाव है." जाताना तो जवळ वाकला. "गांठ तो फोड़े की भी होती जी. कायकू ज़िद करता?"

ते बरोबर होतं. गाठ फोडाचीही असते. नुसतं गाठ म्हटलं तर ज्याला मानायचं नाही तो मानणार नाही. कुठं ते सांगितलं असतं तर लहान मूलही समजलं असतं, कारण मागच्या साथी सगळ्यांनी बघितल्या होत्या. म्हणजे मी आतापर्यंत अर्धंच बोललो होतो. तिचा शब्दही मोडला होता आणि लोकांना पुरेसं सांगितलंही नव्हतं. मी दोन्हीकडून गेलो होतो. त्या रात्री मी तिच्याशी बोलून बघितलं. मेलेली माणसं बोलतात म्हणतात. ती बोलली नाही. मी म्हणालो, राजू, चावडीपुढं तुझ्या आईला उभं केलं ते सरकारनं केलं, मी करायलोय ते निराळं हाय. मग मला वाटलं, काय निराळं आहे? तिथंही पुरुषच होते, इथंही पुरुषच आहेत. तिथं त्यांनी बघितलं, इथं मी दाखवणार.

तेराव्याला तिचा भाऊ श्रीमंत चिंताकीहून आला. आमच्यात त्या दिवशी सासरचे लोक फेटा आणतात. तोवर माणूस उघड्या डोक्यानं असतो, फेटा बांधला की दुखवटा उठला, मग तो घराबाहेर पडायला मोकळा, धंद्याला मोकळा. श्रीमंतनं पांढरा फेटा आणला होता, बारीक काठाचा, उदगिरच्या बाजारात घेतलेला. तो तिचा पाठचा. लहानपणी तिनंच त्याला कडेवर वागवलं. त्याचे डोळे सुजले होते. ओट्यावर जागा नव्हती, माणसं रस्त्यावर उभी होती. बायका दारात. अमीनासाठी अमृतप्पानं दुकानातली खुर्ची आणवली होती. श्रीमंत म्हणाला, "दाजी, डोकं पुढं करा." मी म्हणालो, "थांब, श्रीमंत." अमीन म्हणाला, "हौ, पहले बोल." अमृतप्पा म्हणाला, "दोन अक्षरं हाईत, राघोबा. फेटा बांध आन उद्या काट्यावर ये."

मी म्हणालो, "ताप नव्हता. गाठ होती."

"किधर?" अमीन म्हणाला. त्यानं ते हळू विचारलं. त्याला ठाऊक होतं की श्रीमंत तिथं उभा आहे, फेटा उलगडून हातात धरून. त्याला वाटलं मी भावासमोर बोलणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. मी श्रीमंतकडं बघितलं. त्यानं मान हलवली, नका, अशी. मी म्हणालो, "जांघेत. उजव्या. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. तिला पाय सरळ करता येत नव्हता. मी हातानं बघितलंय."

श्रीमंतनं फेटा गोळा केला. घाई केली नाही. नीट घडी करत होता. "माझ्या भयनीला ओट्यावर मांडलाव तुम्ही," तो म्हणाला. "चार लोकांत. तिनं मला सांगितलं आसतं तर मी दाराला कुलूप घातलं आसतं, तुमच्या तोंडाला घातलं आसतं." तो म्हणाला, "तुमच्या ओठावर तिचं नावबी येऊ देऊ नका आता." मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. फेटा काखेत घेऊन तो माणसांमधून निघून गेला, जेवला नाही, आणि त्यानंतर आजतागायत चिंताकीहून कुणी आलेलं नाही.

अमीन उठायला लागला. तेव्हा दारातून अक्कम्मा म्हणाली, "माझ्या सुनेला काखेत हाय. परवापासनं. चुलीमागं निजवलंय तिला." ती कुणाकडंही न बघता बोलली. भाकरी आणते तशाच आवाजात. अमृतप्पा म्हणाला, "अक्कम्मा, तू आत जा." ती म्हणाली, "आतच हाय की ती. आत जाऊनच बघा." मग रस्त्यावरून एक माणूस म्हणाला, आमच्यात म्हातारीला जांघेत. आणखी एक बोलला. आणखी एक. कुणी ओरडलं नाही. जागा सांगत होते, एवढंच. काखेत. जांघेत. मानेला. मी ऐकत होतो आणि मला बरं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, ही सगळी माणसं आपापल्या घरच्या बायकांची आण मोडायलीत.

दुसऱ्या दिवशी आळी हलली. गाड्या भरल्या, उतरंडी, बाजा, शेळ्या, म्हातारी माणसं. रानाकडं रांग लागली. अक्कम्माच्या सुनेनं गाडीतच प्राण सोडला, आळीच्या टोकाला. अक्कम्मानं गाडी थांबवली नाही. मला कुणी चल म्हणालं नाही. रोग लागलेलं घर, त्यातला माणूस कोण झोपडीजवळ घेईल? मीही विचारलं नाही. फेटा बांधला नव्हता, म्हणून मी होतो तिथंच घोंगडीवर बसून राहिलो. दुखवटा उठलेला नव्हता. पण बसायला येणारं कुणी उरलं नव्हतं. आळीत आवाज नव्हता. कधी एखादं माकड कौलांवरून जायचं तेवढंच. मला भूक लागायची आणि मग आठवायचं की भाकरी येणार नाही.

अमीन आला तो एकटाच, तोंडाला रुमाल बांधून. या वेळी तो लांब उभा राहिला. "दौरा रद्द," तो म्हणाला. "ऊपर से मेरे कू जवाब मांगे. किसकू तो पकड़ के देना पड़ता." मग म्हणाला, "अब कोई नहीं सुनता, राघोबा. मैं हूं और तू है. बुखार बोल दे. मैं ऊपर कहतूं, आदमी गम में बहक गया था. तू भी छूटा, मैं भी छूटा. तेरी औरत की भी इज़्ज़त रह जाती." तो मनापासून बोलत होता. मी विचार केला. आळी रिकामी झाली होती, ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. आता ताप म्हटल्यानं कुणी मरणार नव्हतं. आणि तिला हेच हवं होतं. कुणाला सांगू नका. शेवटी तरी तिचा शब्द पाळता आला असता, एका माणसापुढं का होईना. मी तोंड उघडलं. ताप म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण तिनं माझा हात धरून तिथं नेऊन ठेवला होता ना. बघा, हाय का न्हाई, असं विचारलं होतं. त्या वेळी मी व्हय म्हणालो होतो. तिनं मला विचारलेलं ते शेवटचं. आता न्हाई म्हणायचं तर तिला म्हणायचं झालं असतं, अमीनाला नव्हे.

"गाठ होती साहेब," मी म्हणालो.

"चल फिर," तो म्हणाला. मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं नाही. चालताना त्यानं आपला दुसरा रुमाल पुढं केला. "सर ढांक ले. रस्ते में लोगां देखते." मी घेतला नाही. उघड्या डोक्याचा माणूस रस्त्यानं चालला तर ओळखीचा असो नसो, कोण गेलं ते त्याला विचारावं लागतं. न विचारता पुढं जाणं माणुसकीला धरून नसतं. हे अमीनालाही ठाऊक होतं, म्हणून तो मला मागच्या बोळानं घेऊन निघाला. तो बोळ गंजाच्या रस्त्याला मिळतो. गंज उघडाच होता. खेड्यांना कुणी काही कळवलं नव्हतं.

तिथं एक गाडी येत होती. मन्नाएखेळ्ळीकडची असावी, बैलांच्या शिंगांना तिकडं लावतात तसा रंग होता. नवी तूर भरली होती, वर गाडीवाल्याची बायको आणि एक तान्हं. गाडीवाल्यानं माझं डोकं बघितलं आणि कासरा ओढला. अमीनाचा हात माझ्या मनगटावर आला.

"कोण गेलं, अण्णा?" गाडीवाल्यानं विचारलं.

"घरची," मी म्हणालो.

"अरारा. कशानं?"

"बुखार," अमीन म्हणाला. "चलो, चलो, गंज खुला है." त्यानं मनगट आवळलं.

"ताप नव्हता," मी म्हणालो. "गाठीनं गेली. जांघेत आली होती. आमची आळी सगळी रानात गेलीय."

गाडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग अमीनाच्या पट्ट्याकडं, मग मागं पोत्यांकडं. वर्षाचं पीक होतं ते. बायकोनं तान्ह्याला पदराखाली घेतलं. तो खाली उतरला, बैलांची वेसण धरली आणि गाडी वळवायला लागला. अमीन म्हणाला, "ए, किधर?" त्यानं ऐकलं नाही. रस्ता अरुंद होता. एक चाक गटारीत गेलं आणि पोती एका अंगाला कलली. मी रेटा द्यायला पुढं झालो.

"अण्णा," तो म्हणाला, "हात लावू नका."

मी मागं सरलो. त्यानं खांदा लावून एकट्यानं चाक वर काढलं आणि आल्या वाटेनं निघून गेला.